पाण्याचा अंदाज न आल्याने

हायड्ना नावाच्या ग्रीक मुलीची गोष्ट तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेली असेल. इराणचं आरमार ग्रीसवर चालून आलंय, समुद्र खवळलाय, रात्र काळोखी. ही पोरगी बापाच्या जोडीनं दहा मैल पोहत जाते, दातांत सुरी धरून एकेका जहाजाचा नांगर तोडते, जहाजं एकमेकांवर आपटून फुटतात, ग्रीस वाचतो. शेवटी ठरलेली तक्रार: इतिहासाने हिला विसरलं.

गोष्ट झकास आहे, पण ती तक्रार खोटी आहे. डेल्फीच्या देवस्थानात, जिथे सगळा ग्रीस कौल लावायला जायचा, तिथे तिचा आणि तिच्या बापाचा पुतळा उभा होता. याहून जास्त कुणाला काय लक्षात ठेवणार? इतिहास ज्यांना विसरला ते पाण्यातले लोक वेगळेच आहेत, आणि ते विसरले गेले याचं थोडं पाप अशा गोष्टींच्या माथी आहे, असं मला वाटतं. एक शूर पोहणारा सापडला की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. पाण्यात पडलेल्या बाकीच्यांना उचलायला कोण गेलं, कोण गेलं नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

आधी बापाकडे बघू. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस हा या युद्धानंतर पन्नासेक वर्षांत लिहीत होता, म्हणजे घटनेच्या त्यातल्या त्यात जवळचा. त्याच्या पुस्तकात हा बाप, स्किओने गावचा स्किल्लियास, भेटतो, त्या काळातला सगळ्यात तरबेज पाणबुड्या. आणि तो इराणी आरमाराच्या चाकरीत आहे. इ. स. पू. ४८०मध्ये पेलिऑनच्या किनाऱ्यावर तीन दिवस वादळ झालं आणि इराणची कमीत कमी चारशे जहाजं फुटली. किनारा आखूड, त्यामुळे जहाजं एकामागे एक आठ रांगांत नांगरलेली; फुटायला वादळ पुरेसं होतं. मग स्किल्लियासने तळाशी गेलेला पुष्कळ ऐवज इराण्यांना काढून दिला आणि बराचसा स्वतःच्या पदरात पाडून घेतला. पुढे तो फितूर होऊन आर्टेमिझियमला ग्रीकांकडे आला. लोक सांगत, त्याने इराण्यांच्या तळावर, अफेटीला, बुडी मारली ती थेट आर्टेमिझियमला वर आला. अंतर ऐंशी स्टेडिया, म्हणजे आपले चौदा-पंधरा किलोमीटर. यावर हिरोडोटस म्हणतो की या माणसाबद्दल काही खऱ्या आणि काही थापांसारख्या गोष्टी सांगतात. आणि लगेच पुढे म्हणतो: माझं मत विचाराल तर तो होडीतून आला.

'तो होडीतून आला.' अडीच हजार वर्षांपूर्वी एका माणसाने व्हायरल गोष्टीला दिलेलं हे उत्तर मला फार आवडतं.

हिरोडोटसकडे मुलगी नाही, नांगर तोडणं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी एका चित्राचा उल्लेख करतो, त्यात बाप इराणी जहाजांचे नांगर तोडताना दिसतो. नांगर तोडणारी मुलगी येते ती थेट दुसऱ्या शतकात, पॉसेनियस नावाच्या प्रवाशाच्या लेखणीतून, म्हणजे घटनेनंतर सहाशे वर्षांनी. पुतळ्यांबद्दलही तोच सांगतो, आणि हेही की रोमन सम्राट नीरोने डेल्फीहून जे पुतळे उचलून नेले त्यांत हायड्नाचा होता. दातांतली सुरी आणि दहा मैल ही आपल्या काळाची भर.

ती नव्हतीच असं मी म्हणत नाही. उगाच कुणी डेल्फीला पुतळा बसवत नाही. पण स्किल्लियासचा खरा धंदा काय होता ते बघा: बुडालेला माल वर काढणं. एवढ्या एका गोष्टीतून ग्रीक पाणबुड्यांचं जग उघडं पडतं. ते सैनिक नव्हते. स्पंज काढणारे, बुडालेलं सामान हुडकणारे, पोटासाठी श्वास रोखणारे लोक होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात त्यांच्याविषयी साधे, कामाचे प्रश्न आहेत. पाणबुडे कानांभोवती स्पंज का बांधतात? कानाचे पडदे का फाटतात? पालथी कढई सरळ खाली सोडली की तिच्यात हवा कशी टिकून राहते आणि पाणबुड्याला खालीच श्वास कसा घेता येतो? ज्यांचे कान फाटायचे त्यांची नावं त्यात नाहीत. धंद्याची दुखणी तेवढी आहेत.

युद्ध आलं की याच लोकांना बोलावणं जायचं. इ. स. पू. ४१३मध्ये अथेन्सने सिसिलीतल्या सिराक्यूजला वेढा घातला होता. तिथल्या बंदरात सिराक्यूजवाल्यांनी आपल्या जुन्या गोदीसमोर समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकले होते, आत आपली जहाजं सुरक्षित राहावीत म्हणून. अथेन्सवाल्यांनी लाकडी बुरूज चढवलेलं एक अवजड जहाज पुढे आणलं, छोट्या होड्यांतून खुंटांना दोर बांधले आणि रहाटाने ओढून ते उपटले. पण काही खुंट पाण्याच्या पातळीखाली दडवलेले होते. जहाज त्यावर गेलं तर खडकावर चढल्यासारखंच. त्यासाठी पाणबुडे खाली पाठवले आणि त्यांनी ते करवतीने कापले.

क्षणभर डोळ्यांसमोर आणा. छाती भरून श्वास, हातात करवत, पायाखाली काहीच नाही. जमिनीवर करवत चालते ती आपण पाय रोवून उभे असतो म्हणून. पाण्यात करवत पुढे रेटली की अंग मागे जातं. एका हाताने खुंटाला मिठी मारायची, दुसऱ्याने कापायचं, चार-सहा फेरे झाले की वर यायचं. वर किनाऱ्यावरून शत्रू अस्त्रं फेकतोय. आणि हे एका खुंटासाठी कितीदा? या युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीस या सगळ्याला अर्धं वाक्य देतो आणि त्यात एक शब्द टाकतो, जो माझ्या मते सगळ्यात बोलका आहे: मोबदल्यावर. पाणबुड्यांनी मजुरी घेऊन हे काम केलं. मग सिराक्यूजवाल्यांनी पुन्हा खुंट ठोकले.

आणखी बारा वर्षं मागे जाऊ. इ. स. पू. ४२५, पायलॉससमोरचं स्फॅक्टेरिया बेट. स्पार्टाचे ४२० सैनिक बेटावर अडकले, चहूकडे अथेन्सची जहाजं. वेढा ७२ दिवस चालला आणि तो इतका लांबला याचं एक कारण खसखस. पाणबुडे बंदराच्या बाजूने पाण्याखालून पोहत जायचे आणि दोरीला बांधलेल्या चामड्याच्या पिशव्या मागे ओढत न्यायचे. पिशव्यांत मधात कालवलेली खसखस आणि कुटलेली जवस. आपल्याकडे जवसाची चटणी खाणाऱ्याला त्यातली हुशारी लगेच कळेल: मूठभर वजन, पोटाला दमदार, नासण्याची भीती कमी. सुरुवातीला कुणाला पत्ता लागला नाही, मग अथेन्सने पाण्यावर पहारा बसवला. दुसऱ्या बाजूने, खुल्या समुद्राकडून, हेलॉट, म्हणजे स्पार्टाचे जमिनीला बांधलेले गुलाम, रात्री होड्या हाकत धान्य आणायचे. बक्षीस जाहीर झालं होतं: पैसे, आणि हेलॉटांना स्वातंत्र्य. याच स्पार्टाने एकदा, ज्यांनी लढाईत पराक्रम केला त्यांनी पुढे यावं, मुक्त करतो, असं सांगून सुमारे दोन हजार हेलॉट निवडले, डोक्याला फुलांच्या माळा बांधून देवळांभोवती मिरवले, आणि पुढे त्यांचं काय केलं ते कुणाला कळलं नाही. हेही थ्युसिडिडीसच सांगतो. म्हणून स्फॅक्टेरियाच्या त्या बक्षिसाचं पुढे काय झालं असेल याचा विचार करताना माझा हात थबकतो. बेटावरचे २९२ जण अखेर जिवंत पकडले गेले. त्यांची संख्या आपल्याकडे आहे. खसखस पोचवणारे किती होते, त्याची नाही.

पाणबुड्यांच्या मोबदल्याची परिसीमा मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाने गाठली. रोमनांच्या धास्तीने त्याने खजिना समुद्रात टाकायला सांगितला. धास्ती ओसरल्यावर पाणबुड्यांनी जवळपास सगळा वर काढून दिला. रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो की आपली घाबरगुंडी उडाली होती याचा साक्षीदार उरू नये म्हणून राजाने त्या पाणबुड्यांना गुपचूप मारून टाकलं.

आता बुडी मारणाऱ्यांकडून नुसत्या पोहणाऱ्यांकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. ग्रीकांना पोहण्याचा अभिमान होता. अगदीच अडाणी माणसाला 'याला ना अक्षर येतं ना पोहता' असं म्हणायची त्यांच्यात पद्धत होती. प्लेटोनेही ती म्हण वापरली आहे. त्याच इराणी युद्धातल्या सालामिसच्या आरमारी लढाईबद्दल हिरोडोटस म्हणतो की ग्रीक फारसे मेले नाहीत, कारण त्यांना पोहता येत होतं. जहाज फुटलं की ते पोहत सालामिस बेटावर जात. इराणच्या बाजूचे बहुतेक समुद्रात बुडून मेले, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. हे वाक्य पुढे हजारदा उचललं गेलं: पोहणारे जिंकले, न पोहणारे बुडाले.

होडीबाबत इतका सावध असलेला हिरोडोटस इथे मला जरा ढिला वाटतो. इराणच्या आरमारात दर्यावर्दी फिनिशियन होते, इजिप्शियन होते, आयोनियाचे ग्रीकच होते. हे सगळे पाण्याला भ्यायचे? दीडशे वर्षांनी सिकंदराने टायर या फिनिशियन शहराला वेढा घातला तेव्हा त्याच फिनिशियनांच्या पाणबुड्यांनी पाण्याखालून जाऊन मॅसिडोनियन जहाजांच्या नांगरांचे दोर कापले आणि सिकंदराला दोरांच्या जागी साखळ्या लावाव्या लागल्या. न पोहणारे असतील ते मुख्यतः जहाजांवर चढवलेले इराण, मीडियाकडचे सैनिक, जन्मात समुद्र न पाहिलेले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट खुद्द हिरोडोटसच्याच पुस्तकात आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

लढाईच्या आदल्या रात्री इराण्यांनी सालामिसजवळच्या सिटालिया या छोट्या बेटावर सैनिक उतरवले. का? लढाईत फुटलेली जहाजं आणि पाण्यात पडलेली माणसं प्रवाहाने तिकडेच येणार. आपली माणसं वाचवायची आणि शत्रूची मारायची. म्हणजे ज्यांना आपण 'पोहता न येणारे' म्हणतो त्यांनी पाण्यात पडणाऱ्यांचा विचार आधी केला होता. त्यांनी किनारा तयार ठेवला होता. लढाई उलटली तेव्हा अ‍ॅरिस्टायडीसने अथेन्सचे सैनिक त्या बेटावर उतरवले आणि तिथल्या सगळ्या इराण्यांना कापलं. त्यानंतर इराणी आरमारातला माणूस कितीही पट्टीचा पोहणारा असता तरी कुठे पोहला असता? सालामिसच्या आठ वर्षांनंतरच्या एस्किलसच्या नाटकात दूत सांगतो की टुना मासे, म्हणजे आपले कुपे, मारावेत तसं तुटक्या वल्ह्यांनी आणि फळकुटांनी पाण्यातल्यांना ठेचलं. ठेचले जाणारे तेव्हा पाण्यावर होते. पोहण्याने त्यांना तेवढंच मिळालं.

इ. स. पू. ४३३ची सिबोटाची लढाई, कॉरिंथ आणि कॉर्सायरा या ग्रीकांमधलीच, आणखी भयंकर आहे. कॉरिंथवाले फुटलेली जहाजं ओढून न्यायच्या भानगडीत न पडता पाण्यातली माणसं मारत सुटले, आणि आपल्या आरमाराची दुसरी बाजू हरून तिचीही माणसं पाण्यात आहेत हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी आपलीही माणसं मारली. पाण्यातून नुसतं डोकं वर दिसत असतं. ते कुणाचं हे कसं ओळखणार?

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रीकांचं लढाऊ जहाज हलकं, लाकडी, खाली वजन न भरलेलं. त्यावर सुमारे दोनशे माणसं, त्यांतले १७० वल्हेकरी. शत्रूच्या जहाजाची ब्राँझची चोच घुसली की त्यात पाणी भरायचं, पण ते दगडासारखं तळाला जायचं नाही. पाण्याच्या पातळीला लोंबकळत राहायचं. म्हणजे 'बुडालेल्या' जहाजाला धरून माणसं काही तास जिवंत असायची. पोहता येणाऱ्याचा उपयोग तेवढ्यापुरता: सांगाड्यापर्यंत पोचायचं आणि वाट बघायची. पुढचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असायचं.

इ. स. पू. ४०६, लेस्बॉस बेटाजवळ आर्जिनुसे, अथेन्स आणि स्पार्टाच्या आरमारांची लढाई. अथेन्सने तीस दिवसांत ११० जहाजं उभी केली, त्यांवर स्वतंत्र नागरिकांबरोबर गुलामही बसवले आणि लढाई जिंकली. त्यांची २५ जहाजं गेली. पंचवीस गुणिले दोनशे करून बघा. माणसं सांगाड्यांना धरून पाण्यात होती, आणि तेव्हा विजयी सेनापतींची बैठक भरली. एक म्हणाला, सगळ्यांनी मिळून पाण्यातली माणसं गोळा करू. दुसरा म्हणाला, सगळे मिटिलीनी बंदरातल्या शत्रूच्या उरलेल्या जहाजांवर चालून जाऊ. तिसऱ्याने मधला मार्ग काढला: थोडी जहाजं इकडे, बाकीची तिकडे. सत्तेचाळीस जहाजं माणसं उचलायला ठरली, काम दुय्यम अधिकाऱ्यांकडे सोपवलं, आणि एवढ्यात वादळ आलं. कुणीच गेलं नाही. सेनापतींनी अथेन्सला पत्र लिहिलं, त्यात दोष फक्त वादळाला दिला.

पुढचा खटला प्रसिद्ध आहे. आठही सेनापतींना एकाच मतदानात दोषी ठरवलं, अथेन्सला परतलेल्या सहा जणांना मृत्युदंड दिला. असं एकगठ्ठा मतदान बेकायदेशीर आहे म्हणून सॉक्रेटिस एकटा अडून बसला. पुढे अथेन्सला पश्चात्ताप झाला. लोकशाही झुंड कशी होते याचं उदाहरण म्हणून हा खटला आजवर दिला जातो, आणि ते रास्त आहे. सॉक्रेटिस बरोबर होता. पण खटल्याची रीत चुकली म्हणून लोकांचा प्रश्न चुकत नाही. ते विचारत होते: आमची माणसं पाण्यात होती, जिवंत होती, तुम्ही काय करत होता? असा प्रश्न राज्याला विचारता येतो असं वाटणाऱ्या जुन्या समाजांची उदाहरणं फार नाहीत. आपण हायड्नाची गोष्ट पुढे पाठवतो, आणि आर्जिनुसेच्या गोष्टीत सॉक्रेटिसला पाहून थांबतो. दोन्हीकडे पाण्यातली माणसं निसटतात.

पावसाळ्यात कुठलाही मराठी पेपर उघडा. 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे वाक्य सापडतंच. बातमी नदीची असो, धरणाची असो की समुद्राची. दोष पाण्याचा, नाहीतर मेलेल्याचा. अथेन्सच्या सेनापतींचं पत्र चार शब्दांत बसवलंय म्हणा ना. त्यापुढे 'अंधारामुळे शोधकार्य थांबवण्यात आले', आणि मग 'स्थानिक पाणबुड्यांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात आला'. हे स्थानिक पाणबुडे कोण? कधी कोळी, कधी भोई, कधी नुसता गावातला दमदार छातीचा पोरगा. अधिकाऱ्याचं नाव छापून येतं, त्यांचं येत नाही. मजुरी किती, कुणी दिली, दिली का, तेही येत नाही. थ्युसिडिडीसने निदान 'मोबदल्यावर' एवढं तरी लिहिलं.

उपाय म्हणून सगळे एकच सांगतात: मुलांना पोहायला शिकवा. शिकवाच, मी स्वतः गावच्या विहिरीत कमरेला रिकामा डबा बांधून शिकलो आणि त्याचा मला अजून ताठा आहे. त्याच ताठ्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावर मी ओढीत सापडलो. किनारा दिसत होता, माणसांचे चेहरे ओळखू येत होते, आणि प्रत्येक हाताला मी थोडा आणखी आत जात होतो. विहिरीला ओढ नसते. जाळं टाकून परतणाऱ्या एका होडीतल्याने मला काखेत धरून वर खेचलं, दोन शिव्या घातल्या, वाळूवर सोडलं आणि तो मासळी उतरवायला गेला. मी नाव विचारलं नाही. आज विचार केला तर त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या पोहण्याने नाही, त्या होडीच्या वेळेने. ती रोज त्याच वेळेला तिथे असेल अशी व्यवस्था कुणी केलेली नव्हती. ती करणं हे कुणाचं तरी काम आहे, असं तेव्हा मला सुचलंही नाही. चूक माझीच, पाण्याचा अंदाज आला नाही, असंच मी घरी सांगितलं.

पोहणं माणसाला काही मिनिटं देतं. त्या मिनिटांत कोण निघतं हा कारभाराचा प्रश्न आहे: किनाऱ्यावर बारमाही पगारावर जीवरक्षक आहे की हंगामापुरता, त्याच्याजवळ होडी आहे की नुसती शिट्टी, आणि रात्री ज्या पोराला हाका मारून उठवतात त्याचं नाव आणि मानधन कुठल्या वहीत आहे. पुतळा नंतर बसवता येतो.

अथेन्सच्या त्या सभेत एक माणूस उभा राहिला होता. तो म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो. जे बुडत होते त्यांनी मला निरोप दिलाय, वाचलास तर लोकांना सांग की देशासाठी ज्यांनी शर्थ केली त्यांना सेनापतींनी उचललं नाही. या सभेची हकीकत लिहिणाऱ्या झेनोफनने त्याचं नाव लिहिलेलं नाही. तो खरं बोलत होता का याबद्दलही त्याची लेखणी जरा कांकू करते. मला तो खराच वाटतो. थाप मारायची असती तर त्याने पिठाचं पिंप कशाला आणलं असतं, पोहत आलो म्हणाला असता.